वाफी, म्हणजे पाणी आलं

१३ एप्रिल, रविवार. सकाळी ७.

आजपासून रोजनिशी. व्हीआरएस घेऊन तीन महिने झाले. घरात बसवत नाही. हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून हॉलमध्ये. सौ. म्हणते, फरशी झिजंल.

कारण लिहून ठेवतो. टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात आयुष्यभर बिलं केली. शेवटच्या आठवड्यात पुण्याहून आलेली एचआरची मुलगी म्हणाली, सर, जाण्याआधी केटी द्या. मला वाटलं, फॉर्म असेल. दोन दिवस स्टोअरमध्ये तो फॉर्म शोधला. मागाहून कळलं, आपल्याजवळचं ज्ञान दुसऱ्याला द्यायचं, त्याला केटी म्हणतात. ज्ञान माझ्याकडे होतं. फॉर्म नव्हता. सगळं ऑफिस हसलं. ते हसू अजून कानात आहे.

संकल्प: महिन्याच्या आत इंग्रजीतली सर्व लघुरूपं तोंडपाठ. पुन्हा कोणी हसता कामा नये.

१५ एप्रिल, मंगळवार. दुपारी १२.

अभ्यास जोरात. मोबाइलवर एक इंग्रजी लेख वाचला. दोनदा. फार मोठा फरक कळला, जो जुळे सोलापुरात कोणालाही माहीत नसावा. पहिली अक्षरं जोडून सरळ शब्दासारखं म्हणता आलं तरच तो खरा ॲक्रोनिम. उदा. नासा. लेसर आणि रडारसुद्धा. लोक त्यांना आपले साधे शब्द समजतात. एकेक अक्षर सुटं म्हणावं लागलं, उदा. एटीएम, तर तो ॲक्रोनिम नव्हे, नुसती आद्याक्षरं. दुय्यम दर्जा.

आणखी एक. एटीएम मशीन म्हणणं चूक. एममध्ये मशीन आहेच. सौ. म्हणाली, दळण आणाय जाताना एटीएम मशीनमधनं पैसे काढून आना. तिला समजावलं. गिरणी बंद झाली. दळण राहिलं.

लेखात एक नियमही होता. लघुरूप पहिल्यांदा वापरताना पूर्ण रूप द्यावं, मग पुढे खुशाल लघुरूप वापरावं. नियम नवशिक्यांसाठी असावा.

१६ एप्रिल, बुधवार. रात्री ८.

दानेश्वरीशी चर्चा. मुलगी बँकेत आहे, हुशार आहे, पण विषयाची खोली नाही. म्हणाली, अप्पा, आपल्याकडे हे पूर्वीपासून आहे की. सौ., चि., ता. क., आजोबांच्या पत्रातलं सा. न. वि. वि. मी म्हणालो, त्यात टिंबं असतात. इंग्रजीत टिंबं गेली. टिंबं जाणं म्हणजेच प्रगती. ती गप्प झाली. पटलं असावं.

मग तिने मुख्य विषय काढला. प्रभु. पुण्यात ट्रेनिंगला भेटलेला, आयटीतला. दोघांचं ठरलेलं आहे, आमचीही ना नाही. प्रश्न फक्त त्याच्या वडिलांचा. कुर्डुवाडीला रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेत. माणूस कमी बोलतो आणि घर बघून ठरवतो, असं ऐकलंय. आधीची दोन स्थळं त्यांनी चहा पिऊन परत फिरवली. चार मेला, रविवारी, घरी येणार. दानेश्वरी म्हणाली, अप्पा, त्या दिवशी फक्त साधं बोला. एवढंच माझ्यासाठी करा.

काळजी करू नकोस म्हणालो. रेल्वेचा माणूस. रेल्वे म्हणजे नुसती आद्याक्षरं. पीएनआर, टीटीई, डीआरएम. माझ्याशीच त्यांचं जमणार.

ता. क. दळण अजून राहिलंय.

१८ एप्रिल, शुक्रवार.

सोसायटीचा सेक्रेटरी झालो. एकमताने. गौसभाई आजवर बघत होते, पण त्यांचा टेम्पो हल्ली सारखा लातूर-विजापूर करतो, त्यांनी सोडलं. सभेत सगळे खाली बघत होते. मी एकटाच वर बघत होतो. नेतृत्व असं दिसतं.

पहिलं काम: व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव ‘कस्तुरी अपार्टमेंट परिवार’ बदलून केएपी केलं. मग लक्षात आलं की हे कॅप असं म्हणता येतं. म्हणजे खरा ॲक्रोनिम. सहज साधला.

चार तारखेला कुर्डुवाडीकरांसमोर ‘सेक्रेटरी, कॅप’ अशी ओळख द्यायची.

१९ एप्रिल, शनिवार. सकाळी ६.३०.

आज पाणी. झोपमोड.

आमच्याकडे पाचव्या दिवशी नळाला पाणी येतं. वेळ त्याच्या मर्जीवर. तळमजल्यावर नागम्मा राहतात, गुडघे गेलेल्या, पण कान शाबूत. पाणी यायच्या आधी पार्किंगच्या नळातून हवा सुस्कारते, ती त्यांना खाटेवर ऐकू येते. मग त्या जिन्यात उभ्या राहून ओरडतात, पानी आलं ओ, पानी. की अख्खी बिल्डिंग कळशा घेऊन खाली. पहिलं पाणी गढूळ म्हणून हौदाचा व्हॉल्व्ह बंद ठेवलेला असतो. गढूळ वाहून गेलं की गौसभाई व्हॉल्व्ह उघडतात, नसले तर त्यांच्या घरातल्या हुस्नाभाभी उघडतात, आणि हौद भरत आला की मोटर लावून पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवतात. वर्षानुवर्षं हेच.

बनियनवर लोक, बादल्यांचा आवाज, आणि जिन्यात ती आरोळी. चार तारखेला कुर्डुवाडीकर बसलेले असताना अशी आरोळी आली तर? तारखा मोजल्या. एकोणीस, चोवीस, एकोणतीस, चार. म्हणजे येणारच.

उपाय करावा लागेल.

२० एप्रिल, रविवार. संध्याकाळी.

तातडीची मीटिंग घेतली. ठराव मांडला: यापुढे जिन्यात ओरडणं बंद. पाण्याची सूचना ग्रुपवर, प्रमाणित लघुरूपात.

नागम्मा म्हणाल्या, पानी आल्यावर वरडायचं न्हाय, तर मग काय करायचं. मी म्हणालो, मला फोन करायचा, मी टाकेन. त्या म्हणाल्या, पानी माज्या दारात, आन् फोन तिसऱ्या मजल्यावर. हुस्नाभाभी म्हणाल्या, अम्मा का आवाज अच्छा है की, बिगर लाइट का चलताय. लोक हसले. मी ठामपणे म्हणालो की ही सुसंस्कृत सोसायटी आहे. नागम्मा पदर सावरत उठल्या आणि म्हणाल्या, बरं. तुमी नको म्हनला न्हवं, न्हाय वरडनार.

समजूतदार बाई. सौ. मात्र घरी आल्यावर माझ्याशी बोलली नाही. मग बोलली. गवार निवडा म्हणाली.

२२ एप्रिल, मंगळवार. दुपारी ३.

सापडला. तीन दिवस चैन नव्हती. जेवताना अक्षरं, आंघोळीत अक्षरं. एकदा शर्ट उलटा घालून बाजारात गेलो.

वाफी. वॉटर अराइव्ह्ड, फिल इमिजिएटली. म्हणता येतो, म्हणून खरा ॲक्रोनिम. नासाच्या पंक्तीतला.

गढूळ पाणी संपल्यासाठी डीडब्ल्यूडी. डर्टी वॉटर डन. हा म्हणता येत नाही, पण इलाज नाही. व्हॉल्व्हच्या कामाला चालेल.

पूर्ण रूप ग्रुपवर द्यावं का? विचार केला. नको. लोकांनी विचारावं, मग सांगावं. सगळंच सांगून टाकलं तर सेक्रेटरी कशाला हवा.

२४ एप्रिल, गुरुवार.

पहिली चाचणी. यशस्वी.

नागम्मांचा फोन आला सकाळी साडेसातला. वाफी टाकलं. त्याच सुमारास दूधवाला जिना चढता चढता प्रत्येक दारात सांगत गेला की खाली पाणी आलंय. सगळे वेळेवर पोहोचले. दूधवाल्याचा हा योगायोग अहवालात घेणार नाही.

हुस्नाभाभींनी दानेश्वरीला विचारलं म्हणे, अप्पा की तबियत ठीक है क्या, ग्रुपवर कुछ वाफी वाफी लिखतंय. दानेश्वरीने हे मला हसत सांगितलं. मी हसलो नाही.

२६ एप्रिल, शनिवार.

ग्रुपचा दर्जा उंचावतोय. आज सकाळपासून टाकलेले मेसेज: जिन्यातला बल्ब गेलाय, एफवायआय. पार्किंगमधलं कुत्रं एएसएपी हलवावं. मेंटेनन्सचा विषय ईओडीपर्यंत कळवतो. एका मेसेजखाली पीएफए लिहिलं, म्हणजे सोबत जोडलंय ते पाहा. जोडायला काही नव्हतं. तरी वजन आलं.

कोणाचीच प्रतिक्रिया नाही. अभ्यास करत असावेत.

सौ. म्हणाली, लोकांनी तुमचा ग्रुप मुका करून ठेवलाय. मी म्हणालो, म्यूट. ती म्हणाली, त्येच की.

२८ एप्रिल, सोमवार.

नवीन शोध. मोबाइलमध्ये डीएनडी असतं. डू नॉट डिस्टर्ब. मोठी माणसं दुपारी लावतात. एक ते चार लावून ठेवलं. शांत झोप. गॅलरीतल्या येरझाऱ्याही कमी झाल्या. दानेश्वरी म्हणाली, अप्पा, निदान पाण्याच्या दिवशी लावू नका. मी म्हणालो, शिस्त म्हणजे रोज.

२९ एप्रिल, मंगळवार. दुपारी ४.१५.

उठलो. नागम्मांचे अकरा मिस्ड कॉल.

४.२०. वाफी टाकलं.

४.२५. खाली गेलो. नळ कोरडा. पाणी अडीचला आलं होतं, पावणेचारला गेलं. व्हॉल्व्ह कोणी उघडलाच नाही, पाणी सगळं गटारीत. नागम्मा पायरीवर बसल्या होत्या. तोंडावर पदर. म्हणाल्या, फोन केला, उचलला न्हाय. वरडायचं न्हवतं. माजे दोन हंडे भरले आन् गप बसले. मग म्हणाल्या, लई पानी गेलं ओ. डोळे लाल होते.

६.००. हुस्नाभाभी दार वाजवून गेल्या. बाकीचेही. एकजण म्हणाले, ते वाफी का काय, ते तुमच्या नातवाने टाइप केलं असेल असं वाटलं. मला नातू नाही. अजून मुलीचं लग्न जमायचंय.

३० एप्रिल, बुधवार.

आरसीए केलं. रूट कॉज ॲनालिसिस. मूळ कारण: नागम्मांनी मेसेज न करता फोन केला. त्यांच्याकडे साधा बटणाचा मोबाइल आहे, हे दुय्यम कारण. डीएनडीचा उल्लेख टाळला, विषय तांत्रिक होतो.

गौसभाईंनी ओळखीतून टँकर आणला, टाकी निम्मी झाली. पाइप धरायला मी खाली उभा राहिलो तर ते म्हणाले, जाने दो साब, तुमी वर जावा. साब म्हणाले. आदर आहे. पण नजर चुकवली.

दानेश्वरी रात्री जेवली नाही. सौ.ने सांगितलं, पोरगी म्हनते, त्या दिवशी घरात पानी असंल का आई. तिने आईला विचारलं तेव्हा मी दाराबाहेरच होतो. ऐकलं. मग गॅलरीत फेऱ्या. उद्यापासून सगळं नीट करायचं.

२ मे, शुक्रवार.

नीट करण्याची योजना. पाहुण्यांशी बोलण्याचे विषय काढले: पीएनआर, ईएमयू, आरपीएफ, डीआरएम. शिवाय ओके या शब्दाचा उगम, वेळ मिळाल्यास. दानेश्वरीच्या हाताला लागला तो कागद. तिने वाचला, घडी घातली, परत माझ्या खिशात ठेवला. माझं मन लागेना.

सौ. म्हणाली, आनखी एक टँकर मागवा. मी म्हणालो, चारला पाणी येणारच आहे. मागे पाचव्या दिवशी आलं, त्याच्या मागेही आलं.

४ मे, रविवार. सकाळी ९.

टाकी संपली. नळाला पाणी नाही. सौ.ने पिंप जपून वापरायला काढलंय. हॉल झाडला, पुसला नाही.

नागम्मांना खाली जाऊन सांगून आलो, पाणी आलं की फोन करा. डीएनडी काढलंय. त्या म्हणाल्या, बरं. एवढंच.

संध्याकाळी ६.

क्रमाने लिहितो.

साडेअकराला आले. प्रभु, त्याची आई, वडील. वडील उंच, पांढरा सदरा, खरंच कमी बोलतात. मी सेक्रेटरी, कॅप अशी ओळख दिली. ते म्हणाले, बरं. मी पीएनआरपासून सुरुवात केली. ते म्हणाले, तिकिटाचं मला काही कळत नाही, मी डब्यांची चाकं बघायचो. डीआरएमचा विषय काढला. म्हणाले, ते साहेब लोक. ओकेचा उगम सांगू लागलो तेवढ्यात ते हात धुवायला उठले.

बेसिनचा नळ सोडला. नळाने फक्त खाकरल्यासारखं केलं. हाताला साबण लागलेला. सौ. पिंपातला तांब्या घेऊन धावली. मी सांगितलं, टीडब्ल्यूएस आहे, टेम्पररी वॉटर शॉर्टेज. पूर्ण रूप मी पहिल्यांदाच स्वतःहून दिलं. त्यांनी साबणाचे हात तसेच धरून माझ्याकडे पाहिलं. मग सौ.कडे. प्रभुची आई पिंपात किती उरलंय ते बघत होती. दानेश्वरी पोहे घेऊन दारात थांबली होती, तिचा चेहरा उतरला. मला तेव्हा आपली शुद्ध लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

आणि बेल वाजली. दारात नागम्मा. गुडघ्यांवर हात ठेवत तीन मजले चढून आल्या होत्या. दम खाऊन म्हणाल्या, फोनची ब्याटरी गेली म्हून आले. पानी आलंय. तुमचं ते अक्षार काय ते मला म्हनाय येत न्हाय. वरडू का नको, ते सांगा.

सगळे माझ्याकडे बघत होते.

मी मोबाइल काढला. वाफी टाइप केलं. पाठवलं. थांबलो. जिन्यात कोणाचं दार उघडलं नाही. नागम्मा उंबऱ्यावर तशाच, तोंडाला पदर लावून. दानेश्वरी हळूच म्हणाली, अप्पा.

मग मी जिन्यात गेलो. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. आयुष्यात जिन्यात ओरडलो नव्हतो. दुसऱ्यांदा फुटला. पाणी आलं. पाणी आलं ओ. कठड्याला धरून ओरडत खाली गेलो, प्रत्येक दार बडवत. दारं उघडली. हुस्नाभाभी कणकेच्या हातांनी धावल्या, गौसभाई लुंगीवर. गढूळ गेलं का, असं कोणीतरी विचारलं आणि मी डीडब्ल्यूडी म्हटलं नाही. गेलं, उघडा व्हॉल्व्ह, असं म्हणालो.

वळून बघतो तर प्रभुचे वडील पार्किंगमध्ये, आमची कळशी घेऊन रांगेत उभे. साबणाचे हात त्यांनी तिथेच धुतले. प्रभु दोन बादल्या वर नेत होता. नागम्मा वरून यायला वेळ लागला, तर त्यांचा हंडाही प्रभुच्या वडिलांनी भरून त्यांच्या दारात ठेवला. दोघं पायरीवर बसून काहीतरी बोलत होते. बराच वेळ. मी ओकेचा उगम सांगायला जवळ गेलो, तर हौदाजवळ कोणीतरी मला हाक मारली.

तीनला गेले. येतो म्हणाले. पुढचं काही नाही.

५ मे, सोमवार.

निरोप नाही. गॅलरी, हॉल, गॅलरी. दानेश्वरी बँकेत गेली. मी प्रभुच्या वडिलांना मेसेज केला: एएसएपी कळवणे. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

६ मे, मंगळवार.

निरोप नाही. काल एएसएपी लिहायला नको होतं का? घाई दिसली असेल. दुरुस्तीचा मेसेज लिहिला. पुसला. परत लिहिला. सौ.ने मोबाइल काढून घेतला आणि डाळीच्या डब्यात ठेवला.

माझ्यामुळे गेलं असेल तर पोरीला तोंड कसं दाखवू.

७ मे, बुधवार. दुपारी १.

डाळीच्या डब्यातला मोबाइल वाजलाच नाही. फोन सौ.च्या मोबाइलवर आला. प्रभुच्या आईचा. होकार. लग्न दिवाळीनंतर.

दानेश्वरी बँकेतून धावत आली, आईच्या गळ्यात पडून रडली. मग माझ्याही. मीही थोडा. खरं सांगायचं तर थोडा नाही.

मी सौ.ला विचारलं, माझ्याबद्दल काय म्हणाले? ती म्हणाली, काय न्हाय. ती खालची म्हातारी लई आवडली म्हनाले, लग्नाला तिला फुडं बसवा म्हनाले. मी म्हणालो, आणि माझ्याबद्दल? ती आठवत राहिली. मग म्हणाली, व्हय, म्हनाले की. आवाज चांगला हाय म्हनाले.

८ मे, गुरुवार.

सोसायटीची मीटिंग. सेक्रेटरी पुन्हा गौसभाई. ग्रुपचं नाव पुन्हा परिवार. मी राजीनामा देणारच होतो, त्यांनी घाई केली.

पाण्याचा विषय निघाला. सगळे नागम्मांना म्हणाले, अम्मा, आता तुम्ही ओरडा. नागम्मा म्हणाल्या, न्हाय. एकदा नको म्हनले ते मला. मी न्हाय वरडनार आता. कितीही विनवलं तरी नाही. शेवटी ठरलं. ऐकायचं काम त्यांचं. त्यांनी मला मिस्ड कॉल द्यायचा. ओरडायचं मी. एकमताने मंजूर. या वेळी सगळे वर बघत होते.

कामाला काही पदनाम असावं, असं सुचवलं. तीन-चार लघुरूपं तयार होती. गौसभाई म्हणाले, पाणीवाले बोलो ना जी. तेही मंजूर.

९ मे, शुक्रवार. पहाटे ५.२०.

मिस्ड कॉल. जिन्यात गेलो. पाणी आलं ओ, पाणी.

खालून नागम्मा म्हणाल्या, ऐकू न्हाय आलं. जोरात की.

परत ओरडलो.